मथुरी कुठं गेली?

बोरीच्या बाजारात पिठाच्या गिरणीला लागून बालाजीचं फ्लेक्स-फोटोचं दुकान आहे. त्या दुकानाच्या मागच्या खोलीत, जुन्या निवडणुकांचे बॅनर आणि आवाज अडवायला टांगलेल्या चार गोधड्या यांच्या आडोशाला मथुरी राहते. मथुरी हे कार्टून आहे. ठेंगणी, सावळी, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, डोक्यावर उसाची मोळी आणि तोंडाला कुलूप नाही, शिवीसुद्धा सहज निघते. तिचा नवरा मारुती, म्हणजे मारत्या, उंच आणि बारीक. तो विचार करायला लागला की त्याच्या डोक्यावर एक पंखा फिरतो आणि तेवढ्यात लाइट जाते. दोघांची एक शेळी आहे, तिला दोघांपेक्षा जास्त कळतं. दर आठवड्याला यूट्यूबवर पाच-सहा मिनिटांचा एक भाग येतो. त्यात हे ऊसतोडीचं बिऱ्हाड भांडतं, हसतं आणि पुन्हा फडात जातं.

चित्रं बालाजी काढतो. मारत्याचा आवाजही त्याचाच. मथुरीचा आणि शेळीचा आवाज त्याच्या मावशीचा, म्हणजे दगडाबाईचा.

दगडाबाईचा आवाज ही बोरीला काही नवी गोष्ट नव्हती. ती चारठाण्याची लेक. तिथली जुनी देवळं पाहायला लोक लांबून येतात, पण ती लग्न करून बोरीला आली तेव्हा देवळांनाही जरा शांतता मिळाली असं तिचा नवरा वैजीनाथ सांगतो. लग्नानंतर दोघांनी बावीस हंगाम ऊस तोडला. आता ज्यांनी ऊस फक्त रसवंतीवर पाहिलाय त्यांच्यासाठी एक गोष्ट सांगायला हवी. ऊसतोडीत कोयता म्हणजे नुसतं हत्यार नव्हे. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. नवरा तोडतो, बायको पाचट सोलते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकात चढते. एकटा माणूस आला तर तो अर्धा कोयता, आणि अर्ध्या कोयत्याला मुकादम टोळीत घेताना तोंड वाकडं करतो. दोन एकरांच्या फडात या टोकाहून त्या टोकाला हाक पोचवता पोचवता दगडाबाईचा गळा तयार झाला होता. त्याच्यापुढे माईकची काय बिशाद!

मग तिचे गुडघे गेले. डॉक्टरांनी ओझं बंद सांगितलं. ती घरी बसली म्हणून वैजीनाथही घरी बसला, कारण अर्धा कोयता व्हायची त्याला लाज वाटत होती. दोन वर्षं ती नुसती ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांची चौकशी करायची. लोक दुसऱ्या बोळातून जायला लागले.

एके दिवशी ती कुठल्याशा फॉर्मसाठी फोटो काढायला बालाजीच्या दुकानात गेली. आत परभणीहून आलेली कॉलेजची एक मुलगी मथुरीचे संवाद म्हणत होती. पहिल्याच भागाचं काम चाललं होतं. "अहो, ऐकलंत का, मुकादम आले आहेत!" असं ती म्हणाली, आणि बाहेर स्टुलावर बसलेल्या दगडाबाईला राहवलं नाही.

"बाल्या, ही बाई ऊस तोडायला चाललीय का बारशाला?"

"मग कसं म्हणायचं, मावशी?" बालाजी वैतागून म्हणाला.

"आवो, उठा की! मुकादम बोंबलायलाय तिकडं, आन् तुमी घोरायलाव हितं! ट्रक काय तुमच्या घोरण्यानं भरतो व्हय?"

गिरणीत दळण घेऊन उभ्या असलेल्या तीन बाया हसल्या. परभणीची मुलगीही हसली आणि मोठ्या मनाने माईक सोडून पुढच्या बसने निघून गेली. त्या दिवसापासून मथुरीला तोंड मिळालं.

रेकॉर्डिंगची वेळ महावितरण ठरवतं. गिरणी चालू असली की मथुरी गप्प. लाइट गेली की सारं गाव हळहळतं आणि बालाजी खुशीत येऊन बोळातून ओरडतो, "मावशी, गेली! चला!" मग दगडाबाई गुडघ्यावर हात ठेवून उठते. लॅपटॉपची बॅटरी आणि गिरणीची झोप यांच्यामध्ये जेवढा वेळ मिळेल तेवढ्यात भाग उरकतो.

पहिले दहा भाग दगडाबाईने जवळजवळ स्वतःच्या पोटातूनच काढले. बालाजी विचारायचा, "मावशी, फडात काय व्हायचं?" आणि ती सांगत सुटायची. एकदा मारत्या मोळी बांधायला बसतो, ती सुटते, पुन्हा बांधतो, पुन्हा सुटते, आणि मथुरी म्हणते, "उसाला समजावून सांगा, ऐकल त्यो." हा भाग कारखान्यांच्या तळांवर फिरला. कोपीकोपीतून, म्हणजे तोडणाऱ्यांच्या पाचटाच्या झोपड्यांतून, पाहिला गेला. मग कमेंटी यायला लागल्या.

बालाजीने एक दिवस लॅपटॉपवर तिला एक गोल दाखवला. जवळजवळ सगळा निळा, आणि कडेला गुलाबी रंगाची एक फाक.

"ह्ये बघणारे हायेत, मावशी. निळे म्हंजे गडी. शंभरातले एक्याण्णव. अठरा ते चौतीस वयाचे."

"आन् ही फाक?"

"त्या बाया."

"येवढ्याच?"

"येवढ्याच."

दगडाबाईला नवल वाटलं, पण मशीन सांगतंय म्हटल्यावर तिनेही मान डोलावली. एक्याण्णव गडी बघतायत तर लिहायचंही त्यांच्यासाठीच, असं बालाजीने ठरवलं. तो काही वाईट मुलगा नाही. नुसता आकड्याला लवकर भाळणारा आहे. कमेंटीत गडी लिहायचे, 'मथुरीला लय तोंड हाय', 'मारत्यानं एकदा जिरवावी'. मग हळूहळू मथुरी साडीसाठी हट्ट करायला लागली. मारत्याचा फोन तपासायला लागली. मोळी बांधता बांधता रुसायला लागली. आणि भागाच्या शेवटी मारत्या एक वाक्य टाकायचा, मागे 'धँय' असा आवाज व्हायचा आणि मथुरीचं तोंड बंद. बघणारे दुप्पट झाले.

खरं सांगायचं तर दगडाबाईने हेही झोकात केलं. हसणारे वाढले की बोलणाऱ्याला आणखी चेव येतो. साडीसाठी ती अशी काही रडली की गिरणीवाल्याने येऊन विचारलं, "काय झालं बाई?" फक्त वैजीनाथ एकदा जेवताना म्हणाला, "तू फडात येवढी बोलत न्हवतीस."

"तवा बोलायला दम कुठं ऱ्हात व्हता," दगडाबाई म्हणाली आणि त्याच्या ताटात आणखी एक भाकरी टाकली.

जानेवारीत पुण्याहून अर्पिता आली. एका कार्टून करणाऱ्या कंपनीची माणूस. वय अठ्ठावीस-तीस, बोलणं मऊ, पायांत बूट, हातात चकचकीत लॅपटॉप. कंपनीला मथुरी-मारत्या घ्यायचे होते. सव्वीस भाग, टीव्हीसाठी, चांगल्या रंगात. दिग्दर्शक म्हणून बालाजीचं नाव. बालाजीने त्या दिवशी दुकान गिऱ्हाइकांना बंद ठेवलं होतं आणि केसांना पाणी लावलं होतं. त्याने मावशीला एकच सांगितलं होतं, की आज जरा कमी बोला. दगडाबाई सुरुवातीला खरंच कमी बोलली.

अर्पिताने पडद्यावर तीन रकाने उघडले. ती मोकळेपणाने समजावत होती. "मावशी, आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रम कुणासाठी आहे ते आधी ठरतं. लहान मुलग्यांसाठी असेल तर बाबा धाडसी लागतात, आई डबा देते. संध्याकाळी बायकांसाठी असेल तर बाबा वेंधळे, आई सगळं सांभाळणारी. आणि तरुण पुरुषांसाठी असेल तर नवरा गमतीशीर, बायको घरात आणि जरा कटकटी. तुमचे प्रेक्षक एक्याण्णव टक्के तरुण पुरुष."

"म्हंजे बघणारा बदलला की माय बदलती?" दगडाबाईने विचारलं.

"तसंच काहीसं."

"तरीच. आमच्या भक्तीच्या कार्टूनातली माय नुसती दार उघडती आन् 'जेवायला चला' म्हणती. मला वाटायचं, बिचारीला बाकी काही येतच न्हाई."

अर्पिता हसली. भक्ती म्हणजे दगडाबाईची नात, हे बालाजीने तिला सांगितलं. मग अर्पिताने कंपनीने करून पाहिलेला नमुना भाग लावला.

रंग देखणे होते. ऊस असा हिरवा की खावासा वाटावा. मारत्या आता पिळदार झाला होता. तो एकटाच सपासप ऊस तोडत होता, मोळ्या आपोआप बांधल्या जात होत्या आणि ट्रक भरत होता. मथुरी कोपीत होती. गोरी, बारीक, डोक्यावर टॉवेलऐवजी पदर. ती चुलीशी बसून म्हणत होती, "कवा येतील बाई आमचं धनी!" आवाज पुण्याच्या कुणा मुलीचा, 'बाई' असा लांबवला होता की चुलीवरचं दूध तेवढ्यात उतू जावं. शेळी मात्र जशीच्या तशी होती.

भाग संपला. बालाजी मावशीकडे न बघता म्हणाला, "मावशी, शेळी तुमच्याकडंच राहील. मी आधीच बोलून ठेवलंय."

दगडाबाईच्या डोळ्यांसमोर ओटा आला आणि दुसऱ्या बोळातून जाणारी माणसं आली. बावीस हंगाम मोळ्या वाहून झाल्यावर तिला बोलायची एक जागा मिळाली होती, आणि तिथून तिला उठवून 'बें' म्हणायला बसवत होते. वर मथुरीलाही फडातून उचलून चुलीशी नेऊन ठेवलं होतं. तिला राग आला, पण तिने तो गिळला. रागापेक्षा बरं हत्यार तिच्याकडे होतं.

"लय चांगलं झालंय," ती म्हणाली. बालाजीला धसका बसला, कारण मावशी कधीच कशाला चांगलं म्हणत नाही. "फक्त येक काम करा, अर्पिताबाई. ज्या एक्याण्णव गड्यांसाठी ह्ये केलंय, त्यांला येकदा दाखवा. आमच्या जुन्या टोळीचे लोक औंदा लांब गेले न्हाईत, पाथरीच्या अंगाला कारखान्याच्या तळावर हायेत. त्यांनी म्हणलं झकास, की मी उद्यापासून शेळी. बिलकुल तक्रार न्हाई."

अर्पिताला ते पटलं. प्रेक्षकांना दाखवून बघायचं कंपनीच्या यादीत होतंच; ती परभणीत एखाद्या हॉटेलात दहा जणांना जमवणार होती. चहा-बिस्किटांचा तो खर्च वाचला.

दुसऱ्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास तिघं तळावर पोचली. गाड्या नुकत्याच खाली झाल्या होत्या. कोप्या ओळीने उभ्या, बाया चुली पेटवायच्या तयारीत, माणसं पाय धूत होती. मुकादम व्यंकटराव दगडाबाईला पाहून उठून उभाच राहिला.

"आगं दगडाबाई! गुडघे कसे हायेत?"

"हायेत जागेवर. तुमचं पोट कुठं चाललंय पण?"

"हिचं तोंड काही म्हतारं झालं न्हाई," व्यंकटराव सगळ्यांना म्हणाला आणि खुर्ची मागवली.

बन्सीधर नावाच्या तिशीतल्या गड्याच्या कोपीपुढे लॅपटॉप मांडला. पंधरा-वीस गडी पुढे बसले. मथुरी-मारत्याचं नाव काढताच तळावरची सगळी पोरं-थोरं गोळा झाली. बाया मागे, पिठाच्या हातांनी, उभ्या. अर्पिता वही घेऊन बाजूला बसली. बालाजी कुणाच्या नजरेस पडणार नाही असा एका ट्रॅक्टरच्या चाकाला टेकला.

भाग सुरू झाला. पिळदार मारत्या पाहून एक-दोघांनी शिट्टी मारली. मग शिट्ट्या थांबल्या. अर्धं मिनिट झालं आणि बन्सीधरने मान पुढे काढली.

"मथुरी कुठं गेली?"

"ती काय, चुलीपाशी," कुणीतरी दाखवलं.

"ती मथुरी? आजारी हाय का? पांढरी पडलीय."

"बाळंत असंल," दुसरा म्हणाला. "म्हणून घरात बसलीय."

"मग लेकरू कुठं हाय?"

"आन् मोळ्या कोण बांधायलंय?" तिसऱ्याला वेगळीच काळजी लागली. "ह्यो तोडायलाय, बांधायलाय, भरायलाय, सगळं येकटाच. भूत लागलंय का ह्याला?"

"मला तर वाटतं, मथुरी पळून गेली. ही दुसरी केली त्यानं."

मागच्या बाया पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. व्यंकटराव मात्र मुकादमाच्या गांभीर्याने पडद्याकडे बघत होता. शेवटी त्याने निकाल दिला. "ह्यो अर्धा कोयता हाय. मी असला गडी टोळीत घेत न्हाई. दोन दिसांत कंबर धरून बसल."

भाग संपला तेव्हा टाळ्या नव्हत्या. "जुनं लावा की," बन्सीधर म्हणाला. "मोळी सुटती त्यो भाग लावा."

अर्पिताने वहीत बरंच काही लिहिलं. बाई प्रामाणिक होती. जे ऐकलं तेच लिहिलं. पण आकड्यावर ती ठाम होती. "मावशी, त्यांना बदल आवडला नाही हे खरं. पण प्रेक्षक पुरुषच आहेत, हेही दिसलंच की. पुढे सगळे तेच बसले होते."

"पुढं बसले व्हते," दगडाबाई म्हणाली. "बन्सीधर, तुझा फोन बघू."

त्याने दिला. पडद्यावर पीठ लागलेलं होतं. बोटांचे पांढरे ठसे.

"तू भाकरी थापतोस व्हय रं?"

गडी हसले. बन्सीधर लाजला. "तिच्याजवळ असतो सांच्याला."

ती म्हणजे राजेश्री, त्याची बायको. तिला पुढे बोलावलं. पंचविशीची, अंगाने वाळलेली, पण नजर धीट. तिने सगळं सहज सांगितलं. संध्याकाळी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवायचा. शेजारच्या चार-पाच कोप्यांतल्या बाया आपापल्या परातीसकट तिच्याकडे येतात, कारण तिच्याच कोपीत रेंज येते. भाकरी होईपर्यंत दोन भाग होतात. "ह्ये जेवल्यावर बघतेत. तवर आमचं दोनदा झालेलं असतं."

"पण अकाउंट तर यांच्या नावाचं आहे," अर्पिता म्हणाली.

"आता फोन त्यांचा, मग नाव बी त्यांचंच," राजेश्री म्हणाली. "कोयता बी त्यांच्याच नावानं लिवतेत की. पर तोडायला दोघं असतो ना, ताई."

अर्पिताने पेन थांबवलं. दगडाबाईने खुर्चीतून वाकून तिच्या वहीवर बोट ठेवलं.

"तुमच्या मशिनीनं कोयते मोजलेत, अर्पिताबाई. माणसं मोजायची राहिली."

इथे दगडाबाई जिंकली होती, आणि तिने तेवढ्यावर उठून गाडीत बसायला हवं होतं. पण राजेश्री तिच्याकडे टक लावून बघत होती.

"तुमीच मथुरी ना? आवाजावरून वळखलं."

"व्हय, मीच." दगडाबाईने पदर नीट केला.

"येक बोलू का? राग नका धरू. पयली मथुरी आमाला लय आवडायची. ती मोळीवाली. पर हल्ली साड्या काय मागती, फोन काय बघती, रडती काय. आता हे भांडणात मला म्हणतेत, 'झालीस का मथुरी?' सगळे हसतेत. मावशी, माझ्यापाशी दोन लुगडी हायेत, त्यातलं येक पाचटानं फाटलंय. मी कवा मागितली साडी?"

बन्सीधर जमिनीकडे बघायला लागला. मागच्या बायांपैकी एकीने, "खरं हाय," एवढंच म्हटलं. दगडाबाईने राजेश्रीच्या पाठीवर हात ठेवला, "चालू दे तुझं," म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवून उठली.

परत येताना परभणी मागे पडली. मग दगडाबाईने सुरुवात केली.

"साडीचं तू लिवलंस, बाल्या."

"मावशी, कमेंटी तशा येत व्हत्या..."

"लिवलंस तू. बोलले मी. ह्या बाईनं मथुरीला चुलीशी बसवलं म्हणून माझ्या अंगाची आग झाली. आपुन तर तिला फडात ठेवून बी दुसरीच करून टाकली."

बालाजीचा चेहरा उतरला होता, आणि सव्वीस भाग त्याच्या डोळ्यांसमोरून एकेक करून उतरत होते. पुढच्या सीटवरून अर्पिताने मागे वळून विचारलं, "मावशी, तुम्हाला नक्की काय हवंय?"

"मथुरी फडात पाहिजे, मारत्याच्या बरोबरीनं. आन् तोंड माझं."

"मला पटतंय. पण वरच्या लोकांना एक तळ पुरणार नाही. ते म्हणतील, हा एका टोळीचा किस्सा झाला. आकडे लागतील."

"किती दिस देता?"

"दहा."

"लय झाले," दगडाबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी लाइट गेली आणि मथुरीचा एक छोटा भाग रेकॉर्ड झाला. त्यात ना साडी होती, ना 'धँय'. मथुरी मोळी घेऊन फळीवर चढते, अर्ध्या वाटेत थांबते आणि थेट बघणाऱ्याकडे वळते. "ए बाप्या, फोन कुणी धरलाय? तू? दे तो मागं. तुझ्या मागं जी बसलीय ना पिठाच्या हातानं, तिला दे. हां. आता बाई, तू बोल. ह्या नंबरावर आवाज पाठव. तुझं नाव सांग आन् माझ्यात काय खोट हाय ते सांग. मी फळीवर उभीय, लवकर बोल, पाय कापायलेत." खाली बालाजीचा नंबर.

बालाजीने भाग टाकला आणि जेवायला घरी गेला. जेवून आला तर फोन गरम झाला होता.

आवाज पाथरीहून आले, गंगाखेडहून आले, कर्नाटकातल्या कारखान्यांवरून आले. पूर्णेहून रेल्वेच्या गँगमनची बायको बोलली, तिचा उसाशी काही संबंध नव्हता. सगळे निरोप गड्यांच्या फोनवरून, पण बोलणाऱ्या बाया. कमलबाई नावाची एक म्हणाली, "मथुरे, तू आमच्यासारखी दमत कामून न्हाईस? कधीतरी दम की." एकीने मारत्याला भाकरी थापायला शिकवण्याची सविस्तर रीत सांगितली. एकीला नाव सांगायची लाज वाटली, ती फक्त हसली आणि तेवढंच पाठवून दिलं. मध्येच एका गड्याचा, शेजाऱ्याच्या फोनवरून, निरोप होता, "भाऊ, कृपा करून असले भाग टाकू नका. दोन दिवस झाले, बायको फोन परत देईना गेलीय."

बालाजीने मोजायला घेतलं आणि पाचशेवर थांबला, कारण गिरणी चालू झाली आणि काही ऐकू येईना. त्याने सगळं अर्पिताला पाठवलं. मशिनीच्या गोलात मात्र काही फरक पडला नव्हता. तो होता तसाच निळा होता.

दहाव्या दिवशी अर्पिताचा फोन आला. स्पीकर चालू केला. पलीकडे तिच्यासोबत तिचे साहेबही होते. त्यांनी दगडाबाईचं बरंच कौतुक केलं. निरोप त्यांनी स्वतः बसून ऐकले होते. अर्पिताने म्हणे त्यांना उठूच दिलं नाही. मथुरी फडात राहील, आवाजही तुमचाच, असं ते म्हणाले. मग घसा साफ करून पुढे बोलले, "फक्त एक आहे. हा कार्यक्रम आता घरातले सगळे बघतील, लहान मुलंसुद्धा. तेव्हा मथुरीची भाषा... म्हणजे त्या शिव्या..."

बालाजीने डोळे मिटून घेतले.

"काढा," दगडाबाई म्हणाली.

"काढायच्या?" साहेबांनाच धक्का बसला.

"काढा की. मला शिव्यांशिवाय बी बोलता येतं. लेकरं बघणार असतील तर नकोच. पर माझी बी येक अट हाय. सगळे बघणार म्हंता ना? मग सगळ्यांचं लिवा. हसायचं तर मारत्यावर बी हसा आन् मथुरीवर बी हसा, पर तिनं न केलेल्या गोष्टीवर हसू नका. गोष्ट लिवून झाली की आधी मला वाचून दाखवायची."

"चालेल," अर्पिता मध्येच म्हणाली. साहेबांना तिच्यामागून "चालेल" म्हणावं लागलं.

फोन ठेवल्यावर बालाजी उड्या मारत गोधडीत अडकला. वैजीनाथ दारात येऊन उभा होता; त्याला कुणीतरी सांगितलं होतं की आत काहीतरी मोठं घडतंय.

"काय ठरलं?" त्याने विचारलं.

"ठरलं," दगडाबाई म्हणाली. "बसा हितं. फडातलं काही इसरले तर तुमी आठवण करून द्यायची."

वैजीनाथ स्टूल ओढून बसला. कित्येक दिवसांनी त्याला काम मिळालं होतं.

आठवड्याभरात पहिल्या नव्या भागाचे कागद आले. दगडाबाईला अक्षरं जोडून वाचायला वेळ लागतो, म्हणून बालाजी वाचतो आणि ती डोळे मिटून ऐकते. तो पहिल्या पानावर होता. मारत्या बांधावर बसून विडी ओढतोय, मथुरी मोळ्या वाहतेय, मारत्या काहीतरी चावट बोलतो.

"थांब. ह्यो बांधावर कामून बसलाय?"

"विनोदाला, मावशी. मग ती त्याला बोलणार..."

"ट्रक उभा हाय ना? मग मुकादम बसू देईल का त्याला? आवो, तुमी सांगा, बसू देईल?"

"न्हाई," वैजीनाथ म्हणाला. "आन् ट्रक भरताना फळी हलती. खालून येकानं धरावी लागती."

"ऐकलंस? फळी धरायला लाव त्याला. चावट बोलायचंय तर फळी धरून बोलू दे."

बालाजीने पेन काढलं, एक ओळ खोडली, वर दुसरी लिहिली. मग जरा घुटमळला. "मावशी, पर कमेंटवाले म्हणतील, मारत्या बायकोचा हमाल झाला."

"म्हणू दे," दगडाबाई म्हणाली. "तू वाच पुढं. लाइट यायच्या आत दुसरं पान झालं पाहिजे."